पाच दारांची भिंत

७ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पत्र निदान अर्ध्यात कापता येत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. हात जरा दुखावलाय, होईल बरा. तुझी ठमी रविवारी आली होती. तुझ्या सभागृहाच्या उद्घाटनाला तिच्या शाळेची पोरं गाणार म्हणून दिवसभर तेच गाणं. मुलगी तुझ्यावर गेलीय, सूर सापडला नाही तरी आवाज कमी करत नाही.

सभागृह देखणं झालंय, खरंच सांगते. काहीच न उचलणारे गुलाबी खांब, छपराला मुद्दाम दिलेली चीर, वर जाऊन भिंतीलाच टेकणारा जिना. तो जिना पाहून मी एकटीच खो खो हसले. बाबा असते तर बाहेरूनच मागे फिरले असते. त्यांच्या लेखी जे भार उचलत नाही ते पाप. पण त्यांच्या त्या राखाडी, सरळसोट इमारती तरी कुठे धुतल्या तांदळासारख्या होत्या? सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. खालचे काका एकदा वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या पलंगावर घोरत सापडले होते, आठवतं? त्या रटाळपणावर तू उठलास तेव्हा मी तुझ्या बाजूने होते. अजूनही आहे.

अक्षरांच्या बाबतीत मात्र मी बाबांची. पाट्या करणारी बाई मी. अक्षर साधं, ठळक, लांबून वाचता येणारं हवं. तुला वेडीवाकडी, एकमेकांच्या अंगावर चढलेली अक्षरं हवी होती. मी अडून बसले, तेव्हा कुठे 'बाहेर' ही दिव्याची हिरवी पाटी माझ्या मनासारखी झाली. मी ती एकच केली होती, कारण डाव्या भिंतीवर तू ओळीने पाच दारं मांडलीस त्यातलं दुसरं तेवढं उघडतं. बाकीची चार म्हणजे गिलावा, निळा रंग आणि पितळी मूठ. गंमत म्हणून. असू दे.

पण एकाच दारावर पाटी बरी दिसत नाही, भिंतीचा तोल जातो, म्हणून तू तशाच आणखी चार करवून पाचही दारांवर लावल्यास. मला विचारलंही नाहीस. बैठकीत मी बोलले तर सगळ्यांसमोर म्हणालास, "ताई, तुला विनोद कळत नाही." तेव्हापासून आपला अबोला.

धाकट्या, तुझी वाकडी अक्षरं असती तर लोकांना निदान चेष्टा कळली असती. माझ्या अक्षरांवर माणसं विश्वास ठेवतात. तपासणीला आलेल्या साहेबांनीसुद्धा पाट्या पाहून समाधानाने मान डोलावली.

आईचा हात कशाने दुखावला ते सांगायचं नव्हतं. तिनेच शपथ घातली होती. गेल्या आठवड्यात मी तिला तुझं काम दाखवायला नेलं. मंचावर नाटकातल्या धुराच्या यंत्राची चाचणी चालली होती. काहीतरी बिनसलं, सभागृह धुराने भरलं, दिवे गेले आणि तिचा हात माझ्या हातातून सुटला. दिसत होत्या त्या फक्त हिरव्या पाट्या. मी हाका मारत राहिले. धूर निवळला तेव्हा ती चौथ्या दाराशी होती. मूठ उखडून खाली पडली होती, तरी ती ढकलतच होती. नखं तुटलेली, बोटं निळी झालेली. मला म्हणाली, "अडकलंय गं जरा. त्याने केलंय म्हणजे उघडेल."

तो धूर खोटा होता. खरा असता तर? मागचं मोठं दार लांब आहे आणि पोरं पुढे मंचावर असणार. घाबरलेलं माणूस जवळच्या दाराकडेच धावतं. मला फार भीती वाटतेय रे. खांब ठेव, जिना ठेव, मला जुनाट म्हण. फक्त त्या चार पाट्या काढ.

ताई


१५ मार्च

चि. धाकट्यास,

तुझ्या ऑफिसातून निरोप आला, "सरांनी तुमचं ऐकलं." मला रडूच फुटलं. सकाळी तशीच धावत पाहायला गेले.

पाचही काढल्यास.

तुझा मुकादम कौतुकाने म्हणाला, "आता कशी भिंत एकसारखी दिसते, नाही?" चौथ्या दाराला नवी मूठ बसलीय. नखांचे ओरखडेही रंगवून झालेत.

उद्घाटन उद्यावर आलं, म्हणून हे पत्र हातोहात पाठवतेय. ज्याला फोन करावा तो म्हणतो, पाहुणे निघालेत, आता काही होणार नाही. ठमीला घरी ठेवावं म्हटलं तर तिने रडून आकाशपाताळ एक केलं. शेवटी तिला तिथे नेऊन खरं दार दाखवलं. तिने विचारलं, "मग बाबाने बाकीची कशाला केली?" मी तिच्याकडून ते दार दोनदा उघडून घेतलं. आणि तिच्याबरोबर गाणाऱ्या पोरांना कोण दाखवणार?

आई पहिल्या रांगेत बसणार आहे. बोटांची पट्टी तुला दिसू नये म्हणून लांब बाह्यांचं काहीतरी शोधत बसलीय.

मी बसणार नाही. दुसरं दार सताड उघडून त्यात उभी राहीन, शेवटचं पोर बाहेर पडेपर्यंत. तुझ्या भिंतीचा तोल बिघडेल, फोटोत मी मधे येईन. मला हलवायला माणसं पाठवू नकोस. हलवायचंच असेल तर तू स्वतः ये, आणि माझ्या जागी उभा राहा.

डावीकडून दुसऱ्या दारात,
तुझी ताई