दुसऱ्या शब्दाचा साक्षीदार

६ एप्रिल २०२५, रविवार. दौंड
पप्पा आज चर्चला आले! मम्मी गेल्यापासून पायरी चढले नव्हते. पाळकसाहेबांचीच युक्ती — गुड फ्रायडेला येशूचे वधस्तंभावरचे सात शब्द, म्हणजे शेवटचे सात उद्गार, सात जण समजावून सांगतात, त्यातला दुसरा पप्पांना दिला. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला दिलेलं सुखलोकाचं वचन: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. परतताना म्हणाले, "बोलताना तुझ्या मम्मीचं, हन्नाचं नाव घेऊ का गं?" घ्या म्हटलं.

९ एप्रिल
पप्पांना मोबाइलवर व्हिडिओ सापडलाय. येशू वधस्तंभावर मेलाच नाही, काश्मीरला आला, म्हातारा होऊन तिथंच वारला, त्याची कबरही तिथं दाखवतात. रेल्वेतले त्यांचे जुने सोबती मारुतराव नेहमी चिडवतात, "येशुदास, तुमच्या देवाला व्हिसा लागतो का?" आज पप्पांनी त्यांना दाखवलं — "बघा, हितलाच हाय." मारुतराव म्हणाले, "मग आधार कार्ड काढा त्याचं." दोघंही हसले. किती महिन्यांनी!
गुड फ्रायडेला हेच सांगणार म्हणतात.
हसू द्यावं का? पण खरं नाही ते.

१० एप्रिल
सांगितलं. इतिहास घेऊन बी.ए. झाले ते कशासाठी? ती कबर येशूची, असं जवळपास अठराशे वर्षं कुणी म्हटलेलं नाही. घडलं कधी, लिहिलं कधी, लिहिणारा तिथं होता का — एवढं तरी विचारायचं.
पप्पांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग —
"आन् सुखलोकाचं कुणी लिवलं?"
"लूकनं."
"शुभवर्तमान लिवणाऱ्या बाकीच्या तिघांनी?"
"नाही."
"लूक हुता तिथं?"
"नव्हता. पण पाहिलेल्यांकडून आलेलं, त्याच शतकात लिहिलेलं —"
ते भांडी घासायला उठले होते.

१३ एप्रिल
झावळ्या घेऊन चर्चला जायचा रविवार. पप्पा रागावलेले नाहीत. तेच जास्त वाईट.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. म्हणाले, "हे चौघांतल्या एकानंच लिवलंय. तो बी तिथं नव्हता. माझी ब्लेसी शिकलेली हाय, ती खोटं बोलत न्हाई." आणि बसले. मम्मीचं नाव घेतलं नाही. पाळकसाहेबांनी घाईनं गीत सुरू केलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "शिकवा अजून पोरींना."
एकाच साक्षीचं म्हणजे खोटं नव्हे, हे सांगायचंच राहिलं. घरी आल्यावर सांगितलं. "व्हय," एवढंच म्हणाले.

२० एप्रिल, ईस्टर
येशू कबरेतून उठला त्याची आठवण म्हणून पहाटे सगळे मेणबत्त्या घेऊन कबरस्तानाकडे निघाले. मम्मीसाठी फुलं घेतली, पप्पांना हाक मारली. आतूनच म्हणाले, "तू जा, पोरी. तिथं कोण हाय?"