लाट कुठून निघाली ते इथून दिसत नाही

६ नोव्हेंबर, गुरुवार. किनवट

शनिवारच्या पालकसभेत सुरुवात अशी करायची:

"किनवट-इस्लापूरच्या आयाबापांनो, समुद्राचा इशारा रेडिओवर रोज देतात, पण तो आपल्याला कुणी देत नाही. 'मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये' एवढं बोलून बातम्या पुढं जातात. आपण मच्छिमार नाही, म्हणून आपण ऐकत नाही. मग सुट्टीत गाड्या भरून किनाऱ्यावर उतरतो, अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात शिरतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आपल्याच गावांची नावं वाचतो. किती दिवस चालायचं हे?"

इथपर्यंत ठीक. पुढची दोन पानं जास्त झाली. कापायची. (कापवत नाहीत.)

सहल सोळाला निघणार. वसतिगृहातल्या आठवीच्या अडतीस मुली. एकीनंही समुद्र पाहिलेला नाही. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मीच बोलून बसलो, या वर्षी तुम्हाला समुद्र दाखवीन म्हणून. तेव्हापासून रस्त्यात भेटली की प्रत्येक पोरगी दिवस मोजून दाखवते.

आणि आज रेडिओवर: अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा. वादळ होण्याची शक्यता. दिशा ओमानकडं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सभा पडली. लपवण्यात अर्थ नाही.

चाळीस मिनिटं बोललो. वादळाचं केंद्र, वाऱ्याचा जोर, लाटांचा प्रवास. नकाशाही टांगला होता. शेवटी आठवीतल्या रेणुकाचे वडील उठले.

"सर, वादळ कोकणात येऊन राहिलं का?"

"नाही. लई लांब आहे. ओमानकडं जाईल."

"मग भ्याव कशाचं? न्या की पोरींना. डुबू द्या मनसोक्त."

मागून एक बाई म्हणाली, "वादळाचं नाव निघालं ना, मग जायाचंच न्हाई. माझी न्हाई येणार."

निम्मे इकडं, निम्मे तिकडं. दोन्हीकडचे चूक, आणि माझ्याकडं त्यांना पटेल असं एक वाक्य नाही. मुख्याध्यापक कानाशी लागले, "आटपा. रद्दच करून टाकू."

तेव्हा सुमनबाई बोलल्या. वसतिगृहात स्वयंपाक करतात, गाव इस्लापूर. चहाचे कप गोळा करायला आल्या होत्या. हातात ट्रे तसाच.

"आपल्या सहस्रकुंडाच्या धबधब्याला काय होतं? वर ऊन पडलेलं असतं. ढगाचा ठिपका न्हाई. आन् पाणी लाल होऊन धडाडा येतं. पाऊस कुठं पडला ते आपल्याला दिसतं का? तसंच असंल की समुद्राचं. वादळ तिकडं, लाट इकडं."

सगळ्या माना हलल्या. रेणुकाचे वडील खाली बसले. "हाव, हे खरं हाय," म्हणाले.

मघाच्या बाईंनी विचारलं, "मग तुम्ही असता तर काय करता, सुमनताई?"

"कुंडावर परगावचा माणूस आला तर आम्ही काय सांगतो? आधी इच्चार, मग उतर. न्हाई म्हणलं तर काठावरून बघ. पाहायला कोण अडवतंय?"

झालं. सहल ठरली. अट एकच: तिथला माणूस हो म्हणेपर्यंत एकाही मुलीचं पाऊल भिजायचं नाही. शब्द मी दिला.

माझी चाळीस मिनिटं. त्यांचा एक ट्रे.

९ नोव्हेंबर, रविवार

शब्द तर दिला. उदगीरला महादेवला फोन केला. कॉलेजचा मित्र, आता अडत दुकान. छत्तीस वर्षांपूर्वी आमचीही सहल गेली होती कोकणात. आकाश निळं, वारा पडलेला. पुढं खडक होता, कोरडा ठणठणीत. मुलं बिचकत होती. मी त्या खडकावर चढलो आणि चक्क भाषण केलं, "ढग तरी आहे का एक? भित्र्यांनो, या वर." चौघं आले. महादेव सगळ्यात पुढं. लाट आली ती पाठीमागून आल्यासारखी, आवाजसुद्धा नंतर ऐकू आला. तिघं पडले आणि उठले. महादेवचा गुडघा खडकाच्या फटीत. जीव वाचला, पाय नीट वळला नाही तो नाहीच.

आदल्या दिवशीच्या पेपरात होतं, दूर समुद्रात वादळ आहे म्हणून. एका कोपऱ्यातल्या बातमीत. मी आतली पानं वाचणारा माणूस, तेवढा एक कोपरा वाचला नव्हता.

लोकांना बोलून हलवता येतं हे मला त्याच दिवशी कळलं. त्याचा आनंद कधी झाला नाही.

फोनवर तो नेहमीसारखाच. "बोला वक्ते. कुणाचा गुडघा पाहिजे आता?"

सगळं सांगितलं. त्यानं निघायची तारीख विचारली. मग म्हणाला, "तुझ्यासंगं त्या पोरींना एकटं सोडायचं? बेड रे बेड, नकोच. मी येतो. लातूरला बसमध्ये चढतो."

छत्तीस वर्षं समुद्राचं नाव काढू देत नव्हता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वादळ झालं. रेडिओ म्हणतो, किनाऱ्यापासून फार दूर. कोकणात पाऊस नाही, आकाश निरभ्र. मच्छिमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. किनाऱ्यावर उंच लाटा.

मुख्याध्यापकांना वरून पत्र हवं. "हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण कागदावर." मी त्यांच्या टेबलावर कागद ठेवला, माझ्या सहीचा. जबाबदारी माझी. त्यांनी दोनदा वाचला. "भाषेत जोर आहे," म्हणाले. तरीपण सही केली.

संध्याकाळी मैदानात चुन्याची रेष आखली. रेषेपलीकडं समुद्र. एक शिट्टी, थांबायचं. दोन शिट्ट्या, मागं वर चढायचं. पाण्याला पाठ करायची नाही. मुलींनी दहादा केलं. अकराव्यांदा सुमनबाईंची शेळी समुद्रात शिरली आणि शिस्त मोडली.

रेणुका: "सर, खरी रेष कोण आखणार?"

"तिथला माणूस."

"आन् त्यानं लई मागं आखली तर?"

"तर मागून बघू."

तिचं तोंड पडलं. तरी तिनंच दोन शिट्ट्यांवर सगळ्यांत आधी वर पळून दाखवलं.

१६ नोव्हेंबर, रविवार. बसमध्ये

लातूरला महादेव चढला. काठी, पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मुलींना वाटलं कुणी मोठे साहेब. त्यानं सांगितलं, "मी तुमच्या सरांच्या भाषणाचा पहिला श्रोता." हसले सगळे. मीही हसलो, उशिरा.

१७ नोव्हेंबर, सोमवार. किनारा

पोचलो. ऊन. ढगाचा ठिपका नाही, सुमनबाई म्हणाल्या तसाच दिवस.

सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि अडतीस मुली जागच्या जागी थांबल्या. मग एकीनं विचारलं, "सर, हे संपतं कुठं?" उत्तर दिलं नाही. दोन पानं जवळ होती, तरी नाही.

ज्यांच्या घरी उतरलोय ते नाखवा. स्वतःची होडी आहे, चार दिवस वाळूवर ओढून ठेवलेली. त्यांना रेणुकाच पुढं होऊन विचारती झाली, "काका, आज उतरू का?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं. "नको पोरी. दर्या आज खोटा हाय. ओढ हाय खाली." मग मला म्हणाले, "सर, वीस वर्षं लोकांना ठेवून घेतो. आधी विचारणारी ही पहिलीच गाडी."

त्यांनी काठीनं वाळूत रेष आखली. बरीच मागं. मुली रेषेमागं ओळीनं बसल्या.

पाऊण तास पाणी इतकं शहाण्यासारखं वागलं की मलाच वाटायला लागलं, उगीच अडवलं. मुली कुरकुरू लागल्या. डाव्या हाताला एक खडक, कोरडा, त्यावर दोन बगळे. मग बगळे उडाले. काही कारण दिसेना. आणि लांबून एक काळी पट्टी उंचावत आली, तिच्यामागं दुसरी, तिसरी. खडक दिसेनासा झाला. पाणी फेसाळत वर आलं आणि नाखव्यांच्या रेषेपासून चार हातांवर थांबलं. परत जाताना वाळू खरवडत गेलं, तो आवाज पायाखालून येत होता.

कुणी शिट्टी वाजवली नाही. गरज नव्हती.

महादेव काठीवर हनुवटी टेकून खडकाकडं बघत होता. म्हणाला, "असंच होतं बघ. अगदी असंच." आणि थोड्या वेळानं, "छान दिसतं रे इथून."

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी, वाळूवरच लिहितो आहे

बस दहाला निघते. लाटा कालच्यापेक्षा लहान, दोन लाटांमध्ये अंतर तेवढंच. नाखवा म्हणाले, "ओहोटीत सोडणार नाय. भरती अर्धी चढू द्या, मग बघतो. सोडलं तर गुडघ्यापर्यंत, हात धरून." मुली सहापासून रेषेमागं बसून आहेत. सुमनबाईंसाठी बाटलीत भरून न्यायचं समुद्राचं पाणी अजून बाकी आहे.

सातला एक जीप आली. लातूरकडचा नंबर. आठ-दहा तरणी पोरं, उतरता उतरताच शर्ट काढत पाण्याकडं निघाली. मी उठलो, घसा साफ केला. महादेवनं माझा सदरा ओढला, "दोन पानं नकोत."

तोवर रेणुका पोचली. "दादा, आधी त्या काकांना इच्चारा."

त्यातला एक हसला. "ए बाळे, ढग तरी हाय का एक?"

माझंच वाक्य. शब्दन्‌शब्द.

महादेव काठी टेकत गेला, धोतर वर करून गुडघा दाखवला. "ढग नव्हताच," म्हणाला. "कुठले तुम्ही? औश्याचे? बसा. चटणी खाता का?"

पोरं उभीच राहिली. एकानं शर्ट परत अंगात घातला आणि नाखव्यांकडं गेला. बाकीचे रेषेमागं, मुलींपासून अंतर ठेवून, वाळूत बसले. आता चटणीचा डबा त्यांच्याकडं आहे.

पावणेनऊ. नाखवा उठले. लुंगी खोचून पाण्यात चाललेत, एक पाऊल, थांबतात, पुन्हा एक. अडतीस मुली उभ्या राहिल्यात. रेणुकाच्या हातात बाटली. कुणी रेष ओलांडलेली नाही.

ते अजून वळलेले नाहीत.

गावी गेल्यावर बसस्टँडच्या फळ्यावर हे लिहायचं, दोन पानं नाही, एवढंच:

मराठवाड्यातल्या माणसांनो, समुद्रावर गाडीतून उतरलात की आकाशाकडं बघू नका. किनाऱ्यावरच्या एका माणसाला गाठा आणि विचारा, "आज उतरू का?"