गाडीचे दागिने, शिवणयंत्र आणि माझा मुलगा यांच्याबाबत

दूध उतू गेलं होतं म्हणून मी शेगडी पुसत होते. खाली दुकानाचा केर काढून झाला होता, फोमचे तुकडे पोत्यात भरून झाले होते, मशीनला तेल घालायचं तेवढं राहिलं होतं. हे जिन्यातूनच ओरडले, "अगं, गाडी दाखवून येतो. गिऱ्हाइकाला टपावरच्या दांड्या बघायच्यात." मी विचारलं, "आणि चहा?" "आल्यावर." मी चहा झाकून ठेवला.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असं वकील म्हणाले. मला दुसरी येत नाही.

तर मी, गाड्या सजवण्याच्या दुकानाच्या मालकाची विधवा, गल्लीत जिला कव्हरवाल्या काकू म्हणतात ती, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा लावला की नीट दिसतं, आणि मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यामागे काय कोणाकडे जावं, ते खाली देत आहे.

एक. दुकानावरच्या दोन खोल्या मुलगा आणि मुलगी यांच्या निम्म्या-निम्म्या. मुलीने आपला हिस्सा भावाला विकू नये आणि भावाने मागू नये. माहेरी यायला तिला एक दार असावं.

दोन. बँकेतली ठेव मुलीला. मुलाला नको आहे, हे त्याने मला तोंडावर सांगितलं आहे.

तीन. गाडी. ती आता नाही, भंगारात गेली. पण तिचे दागिने माळ्यावर गोणीत आहेत, म्हणून हे कलम. गाडी छोटीच होती, पण उंच बांध्याची. अशी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ती आणखी मोठी दिसायला हवी असते. एक गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, "काकू, गाडी जरा रागीट दिसली पाहिजे." आम्ही रागीट करून दिली. दुकानात येईल ते सामान आधी आमच्या गाडीला लागायचं आणि मग गिऱ्हाइकाला दिसायचं. पायरी, धुक्यातले दिवे, दाराच्या कडीला चकाकती पट्टी, पायाखाली निळा उजेड. मी यांना म्हणायचे, "माझ्या अंगावर नाहीत तेवढे दागिने तिच्या अंगावर." हे म्हणायचे, "ती तक्रार करत नाही ना!"

टपावरच्या दांड्या मुलीला, गच्चीत कपडे वाळत घालायला. धुक्यातले दिवे दूधवाल्याला, तो पहाटे अंधारात निघतो. हॉर्न कोणालाही देऊ नये. नऊ सुरांचा आहे. गल्लीने खूप सोसलं आहे.

ड्रायव्हरच्या शेजारची सीट शाबूत राहिली होती. ती माझी. सुताराने तिच्याखाली लाकडी चौकट बसवून दिली आणि मी खिडकीशी तिच्यात बसून वाचते. मी शाळेत फार गेले नाही. सामानाच्या खोक्यांवर छापलेल्या सूचनांची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले आणि मग वाचनालयाची पुस्तकं वाचू लागले. सीट आणि माझी स्वतःची पुस्तकं नातीला. तिने सीट मागे रेलवून वाचू नये, झोप येते.

ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर वेगळ्या पिशवीत बांधलेलं आहे. ते कोणालाही नाही. पिशवी न उघडता जाळून टाकावी.

चार. दुकान, शिवणयंत्र, कात्र्या, भोकं पाडायचे पंच, चामड्याचे आणि रेक्झिनचे तागे, सगळं मुलाला. तो सध्या गोदामात पेट्या उचलतो. मशीनचा पट्टा त्याने काढून ठेवला आहे. त्याच्याइतकी सरळ शिवण मी कोणाच्या हाताची पाहिलेली नाही, आणि हे मी आई म्हणून लिहीत नाही.

पाच. हे कलम वस्तूचं नाही. वकील म्हणाले, "काकू, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, समजूत नाही." मी म्हटलं, खोडू नका. मी घरात हा विषय काढला की मुलगा उठून जातो. हे वाचलं जाईल तेव्हा मी समोर नसेन. तेव्हा तरी त्याने शेवटपर्यंत बसावं.

ज्या सीटच्या पाठीत एअरबॅग असते, तिच्या कव्हरची बाहेरच्या बाजूची शिवण कच्च्या धाग्याने घालतात. ती हवेची पिशवी फुगली की शिवण फाटून बाहेर यावी, म्हणून. बाकी कव्हर पक्कं, तेवढीच जागा कच्ची. आमच्या गाडीची ती शिवण सारखी उसवायची, कारण हे गिऱ्हाइकांना दाखवायला दिवसभर त्याच कडेवरून घसरून आत-बाहेर करायचे. "पोरा, परत उसवली बघ," हे म्हणायचे. शेवटी मुलाने ताडपत्रीचा जाड दोरा घेतला आणि दुहेरी शिवण घातली. बापाला रोजचा त्रास नको, एवढंच त्याच्या मनात होतं. यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि हसून म्हणाले, "आता कशी हलत नाही बघ!" कच्चा धागा कुठे घालायचा, हे त्याला यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनाही आठवलं नाही.

त्याच आठवड्यात, मी चहा झाकून ठेवला त्या दिवशी, चौकात ट्रक त्यांच्या दारावर आला. हवेची पिशवी कव्हरच्या आतच राहिली.

विमा कंपनीचा माणूस पाहून गेला. मी त्याला जिन्यात गाठलं. "ती बाहेर आली असती, तर वाचले असते का?" त्याने हातातले कागद नीट लावले. मग म्हणाला, "बाई, दार जिथवर आत आलं होतं ते पाहता, काही सांगता येत नाही."

बाळा, मी तुला "तुझा दोष नाही" असं लिहून देऊ शकत नाही. तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि मला खरं माहीतही नाही. मला मिळालं ते एवढंच, सांगता येत नाही. मी त्यावर दिवस काढते. तुलाही त्यावर काढता येतील का, ते पाहा. आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही. हे मला माहीत आहे, सांगताही येतं, पण ऐकायला तू थांबत नाहीस.

सहा. शेजारचा काचांना फिल्म लावणारा. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी तो गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "पोरानं बापाला सीटमध्येच शिवून टाकलं." मुलगा आत कापड कापत होता. त्याने कात्री ठेवली आणि नंतर उचलली नाही. या माणसाला माझ्या मालमत्तेतला दोरासुद्धा मिळू नये. साक्षीदार असा हवा की ज्याला काही मिळणार नाही, असं वकिलांनी सांगितलं, म्हणून मी त्यालाच विचारायला गेले. "वहिनी, मला काय मिळणार यात?" "काही नाही. म्हणून तर आले." त्याचा चेहरा पडला, पण येतो म्हणाला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते. त्याला वाचायचा असल्यास वाचू द्यावा.

सात. काल सुट्टी होती. मुलाला जेवायला बोलावलं आणि कच्चा कागद वाचून दाखवायला घेतला. हॉर्नपाशी तो हसला. फार दिवसांनी हसला. चौथ्या कलमाशी हात धुवायला उठला आणि परत बसला नाही.

"आई, माझं नाव काढ यातून."

"आणि मशीन?"

"गाडी दिलीस ना भंगारवाल्याला? त्यालाच दे."

"अरे, पुढचं तरी ऐक. एकच पान आहे."

"तू काहीही लिही गं. शिवण मी घातली होती."

त्याने चपला घातल्या. दारातून वळून विचारलं, "गोळ्या घेतल्यास का?" मी हो म्हटलं. तो गेला. मी पाचवं कलम एकटीनेच मोठ्याने वाचलं.

यावर काय करावं, मला सुचलं नाही. वकिलांकडे यावर कलम नाही, आणि मी वाचलेल्या कुठल्या पुस्तकातही मला सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, मी सगळं त्याच्या नावासकट पक्क्या कागदावर उतरवलं, साक्षीदारांना बोलावलं आणि सही केली.

लिहून ठेवणार: कव्हरवाल्या काकू (सही)

आमच्या दोघांच्या देखत सही झाली:
१. शेजारचे फिल्मवाले (सही. मजकूर वाचला.)
२. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: २० नोव्हेंबर २०२३, सोमवार