या एकदा जेवायले

२ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा दुबईत! मोताळ्याच्या मंगल कार्यालयात पंगती वाढणारा गोकुळ आता अडतिसाव्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटात वेटर. हॉटेलचं नाव लिहीत नाही, करारात मनाई आहे. लिफ्टच्या बटणांनासुद्धा सोनेरी मुलामा. कॉफीवर सोन्याचा वर्ख टाकतात आणि फोटो काढता काढता लोक ती गार करून टाकतात. गच्चीवर पोहण्याचा तलाव, शेजारी क्लब. गाण्यांचा दणका आमच्या छतातून जाणवतो. काचेतून एकीकडे समुद्र, दुसरीकडे नुसती वाळू.

राखीला व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. ती नुकतीच अंगणवाडीतून आली होती. म्हणाली, एवढ्या मोठ्या ताटात एवढुसंच काऊन वाढतात हो, माणसाचं पोट भरते का? लग्नाला अजून दीड वर्षही झालं नाही आणि ती घरात एकटी आहे. दोन वर्षांत तिला इकडे आणायचं, असं आमचं ठरलंय.

५ नोव्हेंबर
इथली माणसं खडूस. मॅनेजर माझ्या तोंडाकडे नाही, बुटांकडे बघून बोलतो. आपल्याकडचा एकच आहे, मोतीराम, संग्रामपूरचा. अकरा वर्षं इथे काढली. मी हौसेनं हात पुढे केला, तर त्याने माझ्या हातात उष्ट्याचा ट्रे दिला. असो. चारशे माणसांची पंगत मी कुणाला 'मीठ द्या' म्हणायची पाळी न आणता वाढली आहे, याच्या ट्रेला कोण भितो.

मला खिडकीजवळचं टेबल दिलंय. तिथे रोज दुपारी एकच पाहुणा बसतो, राखाडी सुटातला. मॅनेजरचा नियम असा, की मागेल ते वाढायचं आणि बोलायचं नाही. कारण विचारलं, तर त्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी सरळ केली आणि निघून गेला.

९ नोव्हेंबर
पाहुणा बाराला बसतो आणि चारपर्यंत खातो. अख्खं कोकरू, मासे, भात, खजुराची ताटंच्या ताटं. पोट मात्र सपाट ते सपाटच. आज पाणी ओतताना तो चक्क आपल्या वऱ्हाडीत बोलला. तुमच्या इकडे काय खातेत, म्हणे. माझा जीव असा सुखावला! नियम गेला खड्ड्यात. रोडगे, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार, सगळं सांगितलं. आणि आपण एसटीच्या कंडक्टरलाही म्हणतो तेच म्हणून गेलो, की मोताळ्याले आले तर या एकदा जेवायले.

त्याने तोंड पुसलं आणि घराचा पत्ता विचारला. मी दिलाही. मागे मोतीराम उभा होता, त्याच्या हातातून काटे-चमचे खाली पडले.

१० नोव्हेंबर
खिडकीजवळची खुर्ची रिकामी. मॅनेजरनं सगळ्यांना मिठाई वाटली आणि माझ्याकडे पहिल्यांदाच हसून बघितलं. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

संध्याकाळी राखीचा फोन. तुमच्या हॉटेलातले कोनी राखाडी सुटातले साहेब आलेत, दुपारपासून जेवून राह्यले, म्हणाली. कौतुकानं सांगत होती. मी म्हणालो, अगं, काल दुपारी तर तो इथे—

१२ नोव्हेंबर
पाहुणा अजून पानावर आहे. ज्वारीचं पोतं संपलं. राखी शेजारून पीठ मागून आणते. शेजाऱ्यांना मी फोन केला, त्यांना घरात तिच्याशिवाय कोणीच दिसत नाही. तिला म्हणालो, घराबाहेर पड. तर मलाच विचारते, जेवत्या माणसाले पानावर सोडून जातात का?

ती खाते, पण अंगाला लागत नाही. व्हिडिओ कॉलवर दिसलं, तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्यात. मला भीती वाटते, फार भीती वाटते.

१३ नोव्हेंबर
मोतीरामला भिंतीला दाबून धरला. तर मेला हसला. म्हणाला, आपल्याच लोकायले इथं काऊन घेतात, समजलं का आता? आपन कोनालेही घरी बोलावतो. त्यानेही बोलावलं होतं. संग्रामपूरच्या त्याच्या घरात आता कोणी उरलेलं नाही. अशा पाहुण्याला निरोप फक्त बोलावणाराच देऊ शकतो, तोही समोर जाऊन. त्याला ते उशिरा कळलं.

मला आधी का नाही सांगितलंस, म्हणालो. तर म्हणतो, मले कोनं सांगतलं होतं? त्याचा गळा आवळावासा वाटला.

मी मागण्याआधीच मॅनेजरनं माझा पासपोर्ट टेबलावर ठेवला होता.

१५ नोव्हेंबर, मलकापूर स्टेशन
राखी फोन उचलत नाही. मोताळ्याची बस लागते आहे. वाटभर एकच घोकलं. निरोप द्यायचा, आणखी एक शब्द बोलायचा नाही. देवा, ती जिवंत—

१५ नोव्हेंबर, घर, दुपार
होता. पाटावर, मांडी घालून. राखी रिकाम्या परातीतून वाढत होती. मी तिला ओळखलंच नाही. नुसती हाडं.

हात जोडले. जेवण झालं, आता निरोप घ्या, म्हणालो. उठला. खरंच उठला!

दारात वळला. लय पाहुणचार केला, म्हणे, आता तुम्ही या आमच्याकडे. मी दात आवळून धरले. गप्प राहिलो, गप्पच—

पण राखी. सवयीनं. हाव, येऊ की—

तो गेला. कडी लावली. ती आत जाऊन लग्नातला शालू नेसून आली. मी दाराला पाठ लावून बसलोय, वही गुडघ्यावर. कुठे निघालीस, विचारलं. जेवायले बोलावलं ना, म्हणते. बाजूले सरका.

एवढं बळ कुठून— तिने मला एका हातानं— राखी, कडी काढू न