डावा खांदा

जुनं गोयास,
पवित्र सप्ताहातला सोमवार

प्रिय युनिसताई,

तुझा निरोप पोचला. मी बरी आहे. अंगणातला पेरू यंदा लवकर पिकला; मुरंबा करून ठेवलाय.

बुधवारी तुझ्या कचेरीतली मंडळी येणार, त्यांना गावात काय दाखवायचं म्हणतेस. राज्यपालांच्या महालापासून सुरुवात कर. राजधानी तुमच्या नव्या शहरात गेली तेव्हा सगळं गाड्यांत भरून नेलं, पण चर्चच्या घंटा कुणाला उतरवता आल्या नाहीत, असं आजी सांगायची. त्यांना ते आवडेल. मग सोनं वितळवायचं घर, कारंजं, नदीवरचा पूल. शेवटी जुना तुरुंग. भिंती इतक्या जाड की आतली हाक चौकात ऐकू येत नाही. आता तिथं संग्रहालय आहे; लोक हौसेनं आत जातात आणि हसत बाहेर येतात.

वाल्दिविनोही तुरुंगातून सुटलाय. मला बेकरीत कळलं. पावाच्या रांगेत बायका त्याचंच बोलत होत्या; मला बघून विषय बदलला.

बुधवारच्या मशाल-मिरवणुकीचे झगे यंदाही माझ्याकडेच शिवायला आहेत. चाळीस मशालवाले, चाळीस टोकदार बुरखे. मिरवणुकीचं बघणारे बेनीसियोकाका मापाला प्रत्येकाचा एकेक सदरा आणून टाकतात. शुक्रवारी एक सदरा हातात आला. दुकानातला, नवा. पण डावा खांदा उसवून खाली घेतलेला. इतका खाली उतरलेला खांदा गावात एकाचाच आहे. नऊ वर्षांच्या संसारात मीच तो सावरून शिवत होते. हे टाके माझे नव्हते, ताई. आता दुसरी कुणी शिवते.

काकांना विचारलं, "हा कुणाचा?"

"झुल्मिरा, बुरख्याआडचं नाव विचारायचं नसतं. तुझ्या बापानंच मला दटावलं होतं."

"तरी सांगा."

"अगं, झगा शिवतेस की नवरदेवाचा कोट? पोत्याला बाही लाव, झालं!" हसले, आणि माझ्याकडं बघितल्यावर थांबले. "माझ्या एका पुतण्यानं आणून दिला. कुणासाठी ते मी विचारलं नाही. आपल्यात विचारत नाहीत."

मी झगा शिवला. नाही म्हटलं असतं तर मला ओळख पटल्याचं त्याला कळलं असतं. कापड हिरवं घेतलं. बाकी सगळे जांभळे नि निळे आहेत. वाटलं, निदान लांबून दिसेल. मग रात्रभर वाटत राहिलं, त्यानं कुणाशी अदलाबदल केली तर?

तुला माहीतच आहे, बुधवारी रात्री गावातले दिवे घालवतात. मशालवाले ख्रिस्ताला धरायला निघालेले शिपाई बनून अनवाणी धावतात, आणि आपण सगळे दारं सताड उघडी टाकून उंबऱ्यात उभे राहतो. त्या रात्री दार बंद ठेवणारं घर मी पाहिलेलं नाही. आपलं घर वळणावर आहे. मशाली वळल्या की मागं काही दिसत नाही. ढोल इतके जोरात वाजतात की कुणी ओरडलं तरी त्यातलंच वाटतं.

काल रविवारी चर्चला गेले नाही. ताप आहे असं सांगितलं.

तुला लिहिणार होते की या वर्षी येऊ नकोस, गर्दी फार असते. दोनदा लिहून फाडलं.

ताई, पाहुण्यांना गाव कुणीही दाखवील. हे पत्र आजच्याच बसवाल्याच्या हाती देतेय; तू उद्या सकाळच्याच बसनं निघ. एकटी ये. आलीस की दार वाजवू नकोस. खिडकीशी उभी राहून मला नावानं हाक मार. तुझा आवाज ऐकल्याशिवाय मी उघडणार नाही.

कडी लावून वाट बघणारी,
तुझी झुल्मिरा