बोनेटवरचा पोलीस

१२ नोव्हेंबर, बुधवार
आधी हे लिहून ठेवतो की मी घाबरलेलो नाही. समोरचे उत्तमसिंग, रिटायर्ड हवालदार, चहाला आलते. सहज बोलले, "मधुसूदनभाऊ, नवीन साहेब लय कडक आहे. खासगी गाडीवर 'पोलीस' दिसलं का सरळ ठाण्यात. महागावच्या एका मास्तराले दिवसभर बसवलं." चहा घशात अडकला. गरम होता.
आपल्या लाल गाडीच्या बोनेटवर चार वर्षांपासून 'पोलीस' आहे. मी विमा ऑफिसात क्लार्क. पण बायकोचा चुलतभाऊ होमगार्ड आहे, म्हणजे खातं घरातलंच.
संकल्प: उद्या स्टिकर काढणे. पेंटला धक्का न लावता. दहा मिनिटांचं काम.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नखानं सुरुवात. 'प'चा कोपरा निघाला. नखही निघालं. तेवढ्यात गल्लीत जीप शिरली. मी गाडीमागे बसलो. जीप पाणीपुरवठ्याची. सावध असणं वेगळं, घाबरणं वेगळं.
पद्मजा म्हणाली, "अहो, मितालीच्या हेअर ड्रायरनं गरम करा अन् कडेनं हळू ओढा." बायकोला सांगितलं, हे केस नाहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ब्लेड वापरलं. ओरखडा अगदी छोटा. हातभर. बोनेटवर चादर टाकली, ऑफिसला पायी गेलो. तब्येतीला चालणं चांगलं. बसस्टँडजवळ सायरन वाजला आणि मी मेडिकलात शिरलो. अँब्युलन्स होती. आत गेलोच आहे तर बीपी तपासलं. आकडा लिहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लेकीचा ड्रायर आणला. कल्पना माझीच म्हणायची. स्टिकर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं निघालं! चिकटा खोबरेल तेलानं पुसला. विजय.
मग गाडी धुतली.
चार वर्षांच्या उन्हानं लाल बोनेट गुलाबी पडलंय. अक्षरांखालचा रंग मात्र शोरूमचा. 'पोलीस' आता लालभडक. मिताली म्हणाली, "बाबा, आता तर लांबूनही वाचता येते."
थिनर लावला. आजूबाजूची चमक गेली. शब्द राहिला. जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना आणायला महागावला जाणं भागच होतं. गावाबाहेर नाकाबंदी. एका महिला शिपायानं हात वर केला. पाटीवर नाव उर्वशी. मी गाडीतून उतरलो, हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं. होमगार्ड, ब्लेड, थिनर, नख. "मॅडम, मला दोन लेकरं आहेत," असंही म्हणालो. गाडीतून पद्मजा ओरडली, "एकच आहे!"
उर्वशी मॅडम म्हणाल्या, "काका, मी तर तुमच्या मागच्या कापसाच्या ट्रॅक्टरले थांबवून राह्यली."
मग त्यांनी वाकून बोनेट वाचलं. मोठ्यानं. आणि साहेबांना हाक मारली.
साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. ठाण्यात नेलं नाही. बोनेट रंगवून आठवड्यात गाडी दाखवा म्हणाले. मी "हो" म्हणालो आणि गाडीत बसायला डिकी उघडली. साहेबांनी डिकीकडे पाहिलं आणि पद्मजाला विचारलं, "ताई, तुम्हाला गाडी येते?"
येते.
महागावपर्यंत तिनंच चालवली. मी मागे बसलो. मागे हवा चांगली लागते.