चौथी आवृत्ती

४ मार्च
काढून टाकलं! डायलिसिस यंत्राच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की तिचं मॅन्युअल वेगळं लिहायचं, जुनं तसंच ठेवायचं – निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. आता माझ्या खुर्चीत आमची सूनबाई. जेवताना म्हणते, "आई, जुनी व्हर्जन्स साइटवरून काढली. एकच ठेवलंय, लेटेस्ट. वाचणाऱ्याचा गोंधळ नको."

गोंधळ! ज्यांच्याकडे अजून चौथी चालते त्यांनी सहावीची पानं वाचायची? शेजाऱ्याच्या किल्लीनं आपलं कुलूप उघडायचं?

५ मार्च
सुनेशी बोलले नाही. मुलगा मध्ये पडला – "तू रिटायर झालीस ना आई?"
झाले. मेले नाही.

८ मार्च
ह्यांना डायलिसिसला नेलं. कोपऱ्यावरच्या त्या दवाखान्यात चौथीच आहे! सहावीत 'थांबवा' एकदा दाबलं की पंप थांबतो. चौथीत एकदा दाबलं तर नुसता भोंगा गप्प होतो, रक्त फिरतच राहतं. पंप थांबवायला बटण दाबून धरावं लागतं. नर्स नवी. मोबाइल दाखवून म्हणते, "काकू, काळजी नको, सगळं ऑनलाइन आहे."

घरी येऊन सुनेला धारेवर धरलं. मान खाली घालून म्हणाली, "वरून ठरलंय, आई."
वरून! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी "कोणी केलं?" विचारल्यावर असं उत्तर दिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती.

११ मार्च
देव हिला पाठीचा कणा द्यायला विसरला.

१५ मार्च
आज भोंगा वाजला. ह्यांच्या हाताखाली नळी पिळली गेली होती. नर्सनं मोबाइल बघितला. मी "दाबून धर!" ओरडणार, तोवर तिनं धरलंच. पंप थांबला, तिनं नळी सोडवली.

"पानावर वरती व्हर्जन निवडता येतं ना काकू. कालपासून."
बघितलं. चौथी! माझी वाक्यं, माझे स्वल्पविराम.

संध्याकाळी सुनेला टोमणा मारलाच – "सुचलं वाटतं शहाणपण तुमच्या वरच्यांना!"
ती भांडी उचलून आत गेली.

१६ मार्च
सून आज घरीच. मुलानं सांगितलं – जुनी पानं तिनं कुणाला न विचारता परत चढवली. म्हणून काल तिलाच काढलं.
पानं अजून आहेत. ती साइटवरून काढणं जमेल अशी तिथे एकटी हीच होती!